नत्थूजींचं तारण

सौंसरला हेमंत सरांच्या घरी दर रविवारी सकाळी प्रार्थनासभा भरायची. सर पांढुर्ण्याच्या शाळेत गणित शिकवत आणि रविवारी बायबलमधलं वचन सांगत. पंधरा-वीस ख्रिस्ती विश्वासी यायचे. त्यांत रामाकोन्याचे शिंपी नत्थूजी होते. बारा वर्षांपूर्वी दारू सोडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला होता; येशूनं आपलं तारण केलं, पापातून सोडवलं, असं ते सांगत. त्यांची बायको प्रेमलता आपल्या देवाधर्मात राहिली, पण त्यावरून घरात कधी वाद झाला नाही.

त्यांची मुलगी हिमानी नववीत असताना तिला झटके येऊ लागले. नागपूरच्या डॉक्टरांचं औषध सुरू होतं, तरी प्रेमलतानं तिला जामसांवलीच्या मारुतीला न्यायचं ठरवलं. बसमध्ये झटका आला तर एकटी तिला कशी आवरेल, म्हणून नत्थूजी सोबत गेले. मारुतीसमोर पोरीनं डोकं टेकवलं, आईनं टेकवलं आणि मग त्यांनीही टेकवलं.

पुढच्या रविवारपर्यंत ही गोष्ट सरांच्या कानावर आली होती. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर वाटून घेण्याच्या, आधी त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "नत्थूजी, तिथं तुम्ही डोकं टेकवलं का?"

"टेकवलं जी. पोरीचं तोंड पाहून टेकवलं."

सरांना वाटलं, आज हे चालवून घेतलं तर उद्या कुणालाच काही सांगता येणार नाही. ते म्हणाले, "तारण एकदा मिळालं म्हणजे कायमचं मिळालं, असं समजू नका. माणूस ते गमावू शकतो. तुम्ही गमावलं."

नत्थूजींनी भाकर घ्यायला हात पुढे केले होते. ताट त्यांना वगळून पुढे गेलं. त्यांनी हात परत मांडीवर ठेवले.

त्यानंतर दोन रविवार ते बाहेर ओट्यावर, चपलांपाशी बसून प्रार्थना ऐकत राहिले. मग यायचे थांबले. सर वाट पाहत होते, नत्थूजी येतील, क्षमा मागतील. ते आले नाहीत. दोन-तीन वर्षांत सरांचंच मन पालटत गेलं. स्वतःचे राग, स्वतःचा हेवा, प्रार्थनेवाचून गेलेले आठवडे त्यांना आठवत. आपण तारण धरून ठेवलेलं नाही, आपल्यालाच कुणी धरून ठेवलं आहे, असं त्यांना वाटू लागलं. रामाकोन्याला जाऊन हे सांगावं, असं कितीदा मनात आलं. पण गेले नाहीत. लाज वाटत होती.

चौथ्या वर्षी प्रेमलता त्यांना भेटायला शाळेत आली. नत्थूजींना तोंडाचा कॅन्सर झाला होता. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं.

"ते रोज विचारून राहिले," ती म्हणाली. "आपलं नाव अजून वर, देवाच्या वहीत असन का, म्हणते. मले काय माहीत, सर? तुम्हीच येऊन सांगा."

सर त्याच दिवशी दुपारी गेले. नत्थूजी खाटेवर उशीला टेकून बसले होते. बोलताना त्रास होत होता. सर खाटेजवळ खाली बसले.

"नत्थूजी, मी तेव्हा चुकीचं बोललो. तुमचं तारण गेलं नाही. ज्यानं हात धरला, तो एवढ्यासाठी हात सोडत नाही. मला माफ करा."

नत्थूजी हळूहळू म्हणाले, "मले बरं वाटावं म्हणून सांगून राहिले तुम्ही."

"नाही. खरं तेच सांगतो."

"तवा सगळ्याईसमोर बोल्ले होते. आता एकट्यात सांगून राहिले."

"रविवारी सगळ्यांना इथंच घेऊन येतो," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो. प्रभुभोजन इथंच घेऊ."

नत्थूजींनी मान डोलावली.

तो सोमवार होता. त्याच संध्याकाळी चार जणांना फोन करता आला असता. पण संत्र्याची तोड सुरू होती, लोक बागेत होते, शिवाय काय आणि कसं बोलायचं ते नीट ठरवायचं होतं. सरांनी रविवारच धरला. नत्थूजी गुरुवारी सकाळी गेले. भावांनी घरच्या रीतीप्रमाणे अग्नी दिला. सर लोकांच्या मागं उभे होते.

रविवारी सभेत त्यांनी सगळं सांगितलं. आपण काय बोललो होतो, ते कसं चुकलं, सोमवारी काय ठरलं होतं. एका म्हाताऱ्या बाईनं डोळ्यांना पदर लावला.

दुपारी ते रामाकोन्याला गेले. प्रेमलता दारात गहू निवडत बसली होती. सभेत काय बोललो ते त्यांनी तिला सांगितलं.

"मंग ते कुठं असतीन आता?" तिनं विचारलं.

"प्रभूजवळ. मला खात्री आहे."

"खात्री तं तुमाले तवाही होती, सर," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. हिमानीनं आतून पाणी आणून दिलं. पाणी पिऊन सर बस धरायला निघाले.