चौदावी चौकट

बूट पंचेचाळीस नंबरचे. पाय अडतिसाचा. मधल्या जागेत लोकरी मोज्यांचे दोन जोड.

स्वयंपाकघराच्या नदीकडच्या खिडकीला पडदा. पाच वर्षं ओढलेला.

पायरीशी जांभळी आक्लेया. दर उन्हाळ्यात माना खाली घालून फुलते.

लाकडी चौकट, मीटरभर लांब, मीटरभर रुंद. आत जे उगवलं असेल ते मोजायचं.

चौकट गुनवोरच्या हातात होती, बूट तिच्या नवऱ्याचे. तुर्स्तेन एकतीस वर्षं धरणाचे दरवाजे सांभाळत होता. धरण पाडलं तेव्हा म्हणाला, "आता नुसता चिखल बघत बसा." आणि पडदा ओढून घेतला. त्यानंतर तो नदीकडे उतरताना तिला कधी दिसला नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी गेला, पडदा तसाच ठेवून.

चिखल मात्र एकच वर्ष राहिला. मग पाण्याखाली निजलेलं बी कूस बदलल्यासारखं वर आलं. आधी शेवाळ, मग लव्हाळं. आता खांद्याएवढी विलोची झुडपं. जुलैच्या धुरकट उन्हात गुनवोर त्यांच्यातून चालायची, तेव्हा आपण तळ्याच्या तळाशी चालतोय असं तिला वाटायचं, आणि डोक्यावरून तुर्स्तेनची होडी जात असायची.

"गुनवोर, त्या बुटांत अजून एक माणूस मावेल गं," विद्यापीठातून आलेली इल्वा म्हणाली.

"होता ना एक."

चौदाव्या चौकटीत आक्लेया होती. जांभळी.

"ही बागेतली," इल्वा म्हणाली. "तूच बी आणलंस बुटांना चिकटवून. इथे येण्याआधी बुटांना ब्रश मारत नाहीस ना?"

"मारते की!"

"अर्धवट मारत असशील. उपट. बागेतलं इथे पसरलं, तर नदीनं स्वतः काय उगवलं ते कळणार कसं?"

नियम बरोबर होता. गुनवोर ओशाळून गुडघ्यांवर बसली, बोटांनी माती उकरू लागली. मूळ अंगठ्याएवढं जाड निघालं. तिचा हात थांबला.

"हे बूट मी गेल्या उन्हाळ्यापासून घालतेय," ती म्हणाली.

"मग?"

"हे मूळ चार वर्षांचं तरी आहे."

इल्वानं मुळाकडे पाहिलं, मग बुटांकडे.

गुनवोरनं माती परत लोटली, तळहातानं दाबली. "लिही. आक्लेया, एक. बागेतली. तुर्स्तेनने आणलेली. उपटली नाही."

"कारण विचारतील."

"गुडघे. वाकता येत नाही मला."

"अगं, वाकलेलीच आहेस!"

"मग उठता येत नाही असं लिही."

इल्वानं वहीत तेच लिहिलं. थर्मासमधली कॉफी ओतून कप तिच्याजवळ मातीत टेकवला. विलोंमधून पाणी वाहत होतं.

धरण पाडल्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, दर रविवारी गुनवोर चर्चहून परतायची तेव्हा पायरीवरचे हे बूट ओले असायचे.