घोंगडीवरून उतरा

आमच्या तालुका बोर्डात दोन पक्ष होते आणि दोघांनाही एकमेकांच्या तक्रारी करण्याचा भारी नाद होता. नियमच तसा होता. कोणाही सभासदाने आपल्या एकट्याच्या सहीने दुसऱ्या सभासदाच्या गैरवागणुकीची तक्रार द्यावी आणि बोर्डाने तिची भर सभेत चौकशी करावी. नियम करणाऱ्याने सभासद शहाणे असतील असं धरलं असावं.

आमच्या पक्षाचे पुढारी आबासाहेब, तेच बोर्डाचे अध्यक्ष. घरची मोठी शेती, आवाज मोठा, मनात खोट नाही. समोरच्या पक्षाचे गुरुसिद्धप्पा सोलापुरात अडतीचा धंदा करत. बोलणं गोड, डोकं सतत चालू. गुरुसिद्धप्पांनी तक्रार दिली की टांगा खोळंबतो म्हणून अध्यक्ष सभा मध्येच गुंडाळतात. आबासाहेबांनी उलट दिली की गुरुसिद्धप्पा सभेत कानडीत कुजबुजून लोकांना हसवतात. मग कुणी पान खाऊन खिडकीतून थुंकला, कुणी फेटा काढून टेबलावर ठेवला, कुणी बसल्या जागी घोरला. चिटणिसांच्या कपाटात कागदांचा गठ्ठा वाढत गेला. चौकशी मात्र एकाही तक्रारीची झाली नाही. पहिली वाचायला घेतली की भांडण पेटायचं, ते गिरणीचा भोंगा होईपर्यंत चालायचं, आणि भोंगा झाला की सगळे उठून जायचे.

त्या गठ्ठ्यात एक तक्रार खरी होती.

मैंदर्गीकडं जाणाऱ्या वाटेवर बोर्डाची विहीर आणि तिला लागून दगडी हौद आहे. उन्हाळ्यात आम्हा धनगरांची मेंढरं त्याच हौदावर पाणी पितात. पुढं सीनेपर्यंत पाणी नाही, आणि चैत्रात सीनेतही नुसती वाळू. हौदाच्या शेजारी कल्लप्पाचं रान. कल्लप्पा आमच्याच पक्षाचा सभासद. त्यानं त्या वर्षी रानाला बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं, ते असं घातलं की विहीर आणि हौद दोन्ही आत गेले.

केराबाईचा तळ त्या माळावर होता. नवरा गुडघ्यानं अधू, म्हणून कळप तीच राखायची. तिनं तक्रार केली ती गुरुसिद्धप्पांकडं जाऊन. मला हे कळलं तेव्हा मी माळावर गेलो. ती एका मेंढीच्या सडाला हात लावून बघत होती. दूध आटलं होतं. कोकरू भोवती नुसतं घुटमळत होतं.

"माज्याकडं का न्हाय आलीस?" मी विचारलं.

"तुमी कल्लप्पाच्यातलं न्हवं का, तात्या."

"मी धनगर हाय की आदी."

"निवडून आल्यापास्नं तुमी धनगर कमी आन् आबासायबाचं मानूस लई झालाय," ती म्हणाली. हे बोलताना तिनं वरसुद्धा पाहिलं नाही. "त्यो अडतवाला तरी कागद घिऊन गेला. तेला पान्याचं काय पडल्यालं न्हाय, ठावं हाय मला. पर कागद गेला. आता आठ-पंदरा दिसात पानी सुटलं तर ऱ्हातो. न्हायतर कळप इकून टाकायचा आन् गिरणीत पाट्या उचलायला जायाचं."

मी गावाकडं परत वळलो.

सभेची नोटीस आली. वाचायला मी मोठेपणी शिकलो, त्यामुळं बोट ठेवून सावकाश वाचतो आणि एकही शब्द सुटत नाही. आबासाहेबांनी नियमात बदल सुचवला होता. यापुढं तक्रारीवर निम्म्या सभासदांच्या सह्या लागतील, आणि कपाटात पडून असलेल्या सगळ्या तक्रारी रद्द समजल्या जातील. आमच्या पक्षाचं एक डोकं जास्त होतं. बदल मंजूर होणार हे उघड होतं.

सभेच्या दिवशी मी आबासाहेबांना बोर्डाच्या ओसरीवर गाठलं.

"आबासायेब, थुकल्याच्या आन् घोरल्याच्या तक्रारी फेकून द्या. माजं कायबी म्हननं न्हाय. पर त्या हौदाची तेवडी ठेवा."

"एक ठेवली का गुरुसिद्धप्पा म्हनंल समद्या ठेवा." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "कल्लप्पाला मी सांगतो की मागनं, कुंपन काड म्हनून."

"मागनं म्हंजे कवा?"

"पाऊसकाळ झाल्यावर बसू निवांत."

आत जाताना दाराशी गुरुसिद्धप्पा उभे. "बर्री, मायाप्पा, या. आज आमच्याकडं बसा की. एक हात तुमी हिकडं वर केला का नियम आडवा."

"आन् नियम आडवा झाला का हौदाची चौकशी आजच करनार का?"

"करू की, वळीनं करू. वर अजून लई कागद हायेत."

म्हणजे एकाकडं पाणी पावसाळ्यानंतर आणि दुसऱ्याकडं गठ्ठ्याच्या तळाशी. केराबाई ओसरीच्या पायरीखाली काठी टेकून बसली होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि नजर दुसरीकडं वळवली. मी आत जाऊन माझ्या नेहमीच्या जागी, आबासाहेबांच्या बाजूला बसलो. काय करायचं ते माझं ठरलं होतं.

आबासाहेबांनी ठराव वाचला. गुरुसिद्धप्पा उठून तावातावानं बोलले. हा लोकांच्या तोंडाला बोळा आहे, म्हणाले. आमच्यातल्या कुणीतरी विचारलं, पानाचा बोळा का. हशा, आरडाओरडा, टेबलावर थापा. तो थंडावल्यावर मी उठलो. मी क्वचित बोलायचो, म्हणून ऐकलं गेलं.

"आमच्यात तंटा निगाला का पंच घोंगडीवर बसत्यात," मी म्हणालो. "पर एक रीत हाय. जेनं तक्रार केली त्यो आन् जेच्यावर केली त्यो, दोगंबी घोंगडीवरनं उतरून खाली बसत्यात. त्येंचं म्हननं पंच ऐकून घेतात, पर निवाड्यात त्येंचा हात न्हाय. ह्यो ठराव तक्रारी मारायचाच हाय. मग तक्रारीतल्या मानसानं आज मत देऊ नये, येवडंच माजं म्हननं."

गुरुसिद्धप्पांनी बाक वाजवला. त्यांच्या डोळ्यांसमोर कल्लप्पा होता. कल्लप्पा उतरला की आमचं जास्तीचं डोकं गेलं. "धनगरांची रीत आमाला मान्य," ते म्हणाले. "बोर्डानंबी मान्य करावी."

आबासाहेबांना मात्र गुरुसिद्धप्पा दिसत होते. कानडीची ती तक्रार त्यांनी स्वतः लिहिली होती. "मान्य," ते म्हणाले. "पर मग समद्यास्नी सारकी. आमचा एक उतरला तर तुमचाबी उतरंल."

"उतरू की. भितो का काय."

अशा रीतीनं कित्येक वर्षांत पहिल्यांदा बोर्डात एखादी गोष्ट दोन्ही बाजूंनी एकमतानं मंजूर झाली. कर्नाटकातून आलेल्या, शाळा चालवणाऱ्या दाक्षायणीबाई या सरकारनं नेमलेल्या सभासद. त्या पदर तोंडाला लावून हसल्या. पुढं काय होणार ते बाकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

चिटणिसांनी गठ्ठा सोडला आणि नावं वाचायला सुरुवात केली. कल्लप्पा उठला. गुरुसिद्धप्पा उठले, दोनदा, एकदा तक्रार करणारे म्हणून आणि एकदा झालेली म्हणून. मग पानवाला, फेटेवाला, घोरणारा, आणि त्यांच्यावर तक्रारी करणारे. भिंतीकडच्या बाकावर जागा पुरेना. शेवटी चिटणीस खाकरले आणि हळूच म्हणाले, "अध्यक्षसाहेब, टांग्याची तक्रार आपल्यावर आहे, आणि कानडीची आपण केलेली."

आबासाहेब खुर्चीतून उठले. रागावलेले दिसले नाहीत. जोरात चाललेल्या माणसाला मध्येच वाट संपलेली दिसावी तसे दिसले.

टेबलाशी आम्ही तिघंच राहिलो. दाक्षायणीबाईंवर कुणी तक्रार केली नव्हती, कारण दोन्ही पक्षांना त्यांचं मत हवं होतं. म्हातारे बसलिंगप्पा कधी बोललेच नव्हते. माझं सांगायचं तर माझ्या पक्षाला मी घरचा वाटायचो आणि गुरुसिद्धप्पांना मी गळाला लागेन असं वाटायचं. वयानं मोठे म्हणून बसलिंगप्पा अध्यक्षाच्या खुर्चीत बसले.

बाकावरून आबासाहेब म्हणाले, "मायाप्पा, पक्ष हाय पाठीशी. ध्यानात असू द्या."

"पाठीशी न्हाय, भित्तीशी हाय," बसलिंगप्पा म्हणाले. त्यांचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "आता खालच्यांनी गप बसायचं."

मी म्हणालो की पान, फेटा, कानडी आणि टांगा, सगळं रद्द करा. सह्यांचा नवा नियम मात्र नको, कारण एकट्याची सही ऐकली पाहिजे. आणि हौदाची तक्रार आत्ता, इथं चौकशीला घ्या.

"मला एक विचारायचंय," दाक्षायणीबाई म्हणाल्या. "तुमच्या पक्षाचा माणूस आहे कल्लप्पा. उद्या तुम्हाला तिथं बसायचंय ना?"

"बसायचं हाय. बसू देतील तर बसंन, न्हायतर माळ हायेच."

"मग माझा हात वर आहे."

बसलिंगप्पांनी मान हलवली आणि केराबाईला आत बोलावलं. ती काठी दाराशी ठेवून आली. कल्लप्पा बाकावरून उठून समोर उभा राहिला. त्याला ओशाळवाणं झालं होतं, पण बोलला ते खरं बोलला. "मेंढरं हौदावर येतात आन् हौदावरनं माज्या कडवळात घुसतात. दोन सालं झाली, निम्मं रान खाल्लंय. काटं घालू नको तर काय करू?"

"घुसत्यात," केराबाई म्हणाली. "खोटं न्हाय."

इतक्या तक्रारींमध्ये आजवर कुणीच काही कबूल केलं नव्हतं.

निवाडा सोपा झाला. कुंपण हौदापासून मागं, कल्लप्पाच्या रानाकडं घ्यायचं. विहीर, हौद आणि वाट मोकळी. काम कल्लप्पाचं, आणि काटे धरायला धनगरांची माणसं. बसलिंगप्पांनी तो चिटणिसांना सांगितला आणि भोंगा व्हायच्या आत सभा संपली.

ओसरीवर आबासाहेब टांग्यात चढताना थांबले. "पुडच्या निवडणुकीला तुमाला उबं करीन असं समजू नका."

"मी कुटं बसलोय तवा, आबासायेब," मी म्हणालो. "उबाच हाय की."

त्यांनी टांगेवाल्याला चल म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कल्लप्पा कुऱ्हाड घेऊन हौदावर आला. मी आणि दोन गडी काटे ओढायला होतो. हौदाकडची बाजू मोकळी झाली तशी मेंढरांना वास लागला. ती थांबली नाहीत, एकमेकांच्या पाठीवरून हौदाला भिडली. काही वेळ पाणी पिण्याचा आवाज सोडून माळावर दुसरा आवाज नव्हता. कल्लप्पा कुऱ्हाडीवर हात टेकून बघत राहिला.

केराबाई मात्र हौदाकडं बघत नव्हती. नव्या कुंपणाच्या कोपऱ्यात एक फट राहिली होती, तिथं ती वाकली.

"कल्लप्पा, हितं काटा कमी पडलाय. माजं एडकं पयलं हितनंच घुसंल." तिनं पडलेली एक फांदी उचलली आणि त्या फटीत स्वतःच्या हातानं खोचली. "आनखी एक दे हिकडं."

त्यानं दिली.