पलटण थिनरमध्ये

दिवाकरराव फॅक्टरीच्या पेंट शॉपमधून रिटायर झाले, पण त्यांचा पारा काही उतरला नाही. तिथे कुणी नवा माणूस घाई करताना दिसला की ते खेकसायचे, “आधी एक नग टाकून पाहा, मग बाकीचे!”

आता खेकसायला घरात एकच माणूस उरलं होतं, लेक शैलजा. अंतराळयुद्धाच्या खेळातले बोटभर सैनिक ती जुने विकत आणायची, तुटके हात जोडायची आणि बारीक ब्रशने पुन्हा रंगवायची.

“जुन्या रंगावर नवा काहून फासून राहिली? आधी जुना काढ!”

“काढते ना बाबा, हळूहळू,” म्हणत ती ऑफिसला गेली.

हळूहळू! त्यांचं डोकंच फिरलं. त्यांनी स्टीलच्या डब्यात रंग उतरवायचं थिनर ओतलं आणि सगळी पलटण त्यात बुडवली. पोरगी येईपर्यंत सारे चकाचक करून ठेवू, या खुशीत ते दोन घास जास्तच जेवले.

दुपारी त्यांनी झाकण उघडलं. फॅक्टरीत सारं लोखंड असायचं. हे प्लॅस्टिक निघालं. डब्यात राखाडी लगदा झाला होता. त्यातून एक हेल्मेट आणि बंदूक धरलेला हात तेवढा वर आला होता.

शैलजा आली तेव्हा ते डबा मांडीवर घेऊन तसेच बसले होते. तिने आत डोकावलं आणि ती पांढरीफटक पडली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“बाबा,” ती हळूच म्हणाली, “आधी एक नग टाकून पाहायचा ना.”