भुवनचा निरोप

हूटगळ्ळीतल्या त्या पत्र्याच्या मंडपात दर गुरुवारी सकाळी मुंगीला शिरायला जागा नसे. फेटेवाले स्वामी डोळे मिटत आणि समोरच्याचं नाव, गाव, घरचं दुःख घडाघडा सांगत. गेलेल्यांचे निरोपही पोचवत. "आम्ही विचारत नाही, आम्हाला ऐकू येतं!"

गोदावरीबाईंचा मुलगा भुवन आईशी भांडून न जेवता निघाला आणि रिंगरोडवर अपघातात गेला. हे सारं स्वामींनी न विचारता सांगितलं. वर म्हणाले, "तो रागावलेला नाही. म्हणतो, आई, त्या मधुमेहाच्या गोळ्या सोड." बाईंनी सोडल्या. पायाला झालेली जखम चिघळून काळी पडत चालली.

मुलगी विद्याश्री तंत्रनिकेतनात बिनतारी यंत्रणा शिकवायची. हे ढोंग आहे, गोळ्या घे, असं ती सांगून थकली.

"अय्यो, सुम्ने, गप्प बस ग! माझा पोर बोलतो, तुला का दुखतं?"

एकदा स्वामींनी एका ब्रह्मचारी म्हाताऱ्याला सुनेचं दुखणं सांगितलं. त्याच क्षणी रांगेच्या दोन टोकांना पाणी वाटणाऱ्या दोघी पदराआड पुटपुटताना विद्याश्रीला दिसल्या. एकाच लहरीवर दोघं एकदम बोलले की ऐकणाऱ्याच्या कानात खिचडी होते, हे तर ती वर्गात रोज शिकवायची.

पुढच्या गुरुवारी ती स्वतःचा वॉकीटॉकी घेऊन आली. पाणीवालींचा आवाज सापडेपर्यंत लहर जुळवून मंडपाच्या कडेला उभी राहिली. आईची पाळी येताच तिनं बटण दाबलं. दोन आवाज एकमेकांत मिसळून कर्कश झाले; स्वामी कळवळले, हात कानाकडे गेला. मग ती यंत्रात हळूच म्हणाली, "धाकटा मुलगा गगन, तोही वारला."

स्वामी गहिवरले. "बाई, भुवन एकटा नाही. धाकटा गगन त्याच्याजवळ आहे."

"गगन?" गोदावरीबाई चाचरल्या. "मला एकच मुलगा होता, स्वामी."

"ते नाव मी सांगितलं. आत्ता, यातून," विद्याश्री यंत्र उंचावत पुढे आली. रांगेतल्या वेंकोजीरावांनी स्वामींचा फेटा ओढला. कानातलं बटण तारेसकट लोंबलं. "ही भक्तीची परीक्षा होती!" म्हणत स्वामी मागच्या दारानं पसार झाले.

"मग तो जेवला नव्हता, हे?" आईनं विचारलं.

"पाणी देणारीला तूच सांगितलंस, आई."

"आणि तो रागावला नाही, ते?"

विद्याश्रीनं यंत्र बंद केलं आणि आईला धरून दवाखान्यात नेलं.

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी दोन बोटं काढली, पाय वाचवला. गोदावरीबाई गोळ्या घेऊ लागल्या. पण त्यांचा भुवन दुसऱ्यांदा गेला होता.

गेलेल्या माणसाचा निरोप कुणी आणला, तर त्याला विचारा, हे तुला कुणी सांगितलं? विचारताना जीव तुटेल. तरी विचारा.