मासवडीच्या दिवशीचा पाठ

शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार आहे. जुन्नर तालुक्यातल्या एका विनाअनुदानित अध्यापक विद्यालयाच्या भिंतीवर हे निळ्या ऑइल पेंटने लिहिलेले होते. २००३ सालच्या एप्रिलात, वार्षिक पाठपरीक्षेच्या सकाळी, त्याच भिंतीला टेकून राष्ट्राच्या सहा शिल्पकार मासवडीसाठी खोबरे भाजत बसल्या होत्या.

बाहेरून परीक्षक येणार म्हटले की मासवडी ठरलेली. चुलीपाशी कोणी बसायचे याची यादी नोटीस बोर्डावर लागे. पाठाचे टाचण कसे काढायचे, हे मात्र कोणी सांगत नसे. ते आदल्या वर्षीच्या मुलींच्या वहीतून उतरवायचे. त्या सहांतल्या नंदाच्या वहीत असे चाळीस पाठ सुवाच्य अक्षरात घेऊन झाले होते. प्रत्यक्षात तिने एकही पुरा घेतलेला नव्हता. दोन वर्षांत ती फळ्यापुढे उभी राहिली ती एकदाच, माहितीपुस्तिकेतल्या फोटोसाठी.

डिंगोऱ्याच्या जानकूची ही मुलगी. बाप मेंढरांमागे, घरात दहावीच्या पुढे गेलेली हीच पहिली. उद्या कुठल्यातरी शाळेवर चाळीस पोरे तिच्या हवाली होणार होती. आपल्याला शिकवता येते का, एवढे तिला त्याआधी एकदा बघायचे होते.

"प्राची, मला खरंच शिकवता येत नसंल तर गं?" बेसनाची पोळी ओल्या फडक्यावर थापता थापता तिने विचारले.

"मासवडी तर येती ना? निम्मं डी.एड. झालं की तुझं!" प्राची म्हणाली. "आन लई इचार नको करू. पोरांकडनं उत्तरं घोकून घेतल्यात प्राचार्यांनी. तू नुस्तं इचारायचं."

पाठ शेजारच्या शाळेत, पाचवीवर होता. परीक्षक खिडकीपाशी बसले, प्राचार्य भरत सर दारात उभे राहिले. धडा होता विहिरीवरचा. नंदाच्या तीन प्रश्नांना उत्तरे धडाधड आली. तिसऱ्याचे तर प्रश्न संपायच्या आतच आले. परीक्षकांनी समाधानाने घड्याळ पाहिले.

मग नंदाने पुस्तक उघडून दुसऱ्या रांगेतल्या मुलीपुढे धरले. "हर्षाली, वाच बरं इथनं."

हे टाचणात नव्हते. हर्षाली उठली आणि खड्या आवाजात म्हणाली, "विहिरीचे पाणी थंड असते."

"उत्तर नको बाळा. वाच."

"बाई, वाचायचं सांगितलं नव्हतं."

पोरे हसली. परीक्षकही हसले. नंदाला हसता आले नाही.

"पुढं चला, नंदाताई," भरत सर म्हणाले.

"सर, हिला वाचता येत न्हाई."

"आमाला काय म्हाईत नाय का? आवरा. पावणं खोळंबलेत, भाकरी गार व्हतील."

"पाठ पस्तीस मिन्टांचा हाय, सर. अजून सव्वीस राह्यलीत." नंदाने पुस्तक मिटले नाही. "नापास करा, पण मी ही सव्वीस मिन्टं सोडणार न्हाई."

ती हर्षालीशेजारी खाली बसली आणि पहिल्या अक्षराखाली बोट धरले. परीक्षक चुळबुळले, भरत सर दोनदा खाकरले. मागच्या बाकांवरची पोरे हळूहळू पुढे सरकली, कारण असले काही त्यांनी आधी पाहिले नव्हते. घंटा झाली तेव्हा हर्षालीची एक ओळ वाचून झाली होती. स्वतःच दचकून तिने ती पुन्हा वाचली.

चुलीपाशी परतल्यावर नंदा गुडघ्यांत डोके घालून रडली. "गेलं की गं वर्ष तुझं," प्राची म्हणाली. "जाऊ दे," नंदा म्हणाली, "पण एका वळीला सव्वीस मिन्टं लागली. आख्खं पुस्तक कोण वाचून घेणार तिच्याकडनं?" प्राचीने रश्श्याचे पातेले उतरवले.

निकाल लागला. नंदाला शंभरपैकी ब्याऐंशी गुण पडले. ब्याऐंशी सगळ्यांनाच पडले होते. प्राची तर त्या दिवशी चुलीपासून उठलीही नव्हती. गुणांचा तक्ता परीक्षकांनी आदल्या दिवशीच भरून ठेवला होता.

जूनमध्ये हर्षाली सहावीत गेली.