कणकेचा लेप

"सर, मग ही दारूच झाली ना?"

बाकावर शेजारी बसणाऱ्या अन्नपूर्णाने पैज लावली होती म्हणून सुचिताने विचारलं, आणि नववीचा अख्खा वर्ग बाकं बडवून हसला. प्रेमानंद सर मात्र हसले नाहीत. गावतळ्यातली जलपर्णी कुटून, उकळून, आंबवून तिचं इंधन कसं गाळायचं, ते फळ्यावर काढत होते.

"अल्कोहोलच. पण जाळायची, प्यायची नाही. विषारी असते. आणि बुलढाण्याच्या प्रदर्शनात हा प्रयोग आता तूच नेशील."

त्या दिवशी सुचिताचे पाय जमिनीला लागले नाहीत.

अंगणात कुकर, तांब्याची नळी, पाण्याची बादली असा संसार मांडला. आंबवण आठ दिवसांत फसफसलं. पण गाळायला बसली की वाफ सांध्यातून निसटून जायची, बाटली कोरडीच. दोन रविवार असेच गेले. तिसऱ्या रविवारी ओट्यावर बसलेल्या बाबांना राहवलं नाही.

"कणिक लाव सांध्याले."

चुलीपाशी आईचा, जयमालाचा, भाकरी थापणारा हात थांबला. बाबांनी, शेषरावांनी, दारू सोडून चार वर्षं झाली होती. त्याआधी ते नाल्याकाठी स्वतःच गाळायचे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं.

"तुमी हात नोका लावू," आई म्हणाली.

"हात नाही लावत. सांगून राह्यलो नुसतं."

पण सुचिताचा लेप दोनदा गळून पडला, तेव्हा ते उठले. मनगट एकदाच फिरलं आणि सांधा बंद झाला. नळीवर ओलं फडकं गुंडाळलं. मग थेंब आला. दुसरा आला. सुचिताने बाटलीला नाक लावलं, पुन्हा लावलं.

"काय वास हाय, बाबा! पिकल्या जांभळासारखा! तुमी तं सायंटिस्ट निघाले!"

तिने झाकणात थोडं ओतून काडी लावली. निळी ज्योत. आनंदाने तिने वळून पाहिलं, तर बाबा मोरीत पाठमोरे उभे राहून साबणाने हात धूत होते. धुतलेले हात त्यांनी हुंगले आणि परत साबण घेतला.

त्यानंतर बाबा उशिरा घरी येऊ लागले. प्यालेले नसत; पारावर नुसते बसून असत. आई रोज सकाळी बाटली उजेडात धरून पाहायची.

गुरुवारी शाळेत निघालेल्या सुचिताला बाबांनी फाटकात अडवलं.

"ते बाटली घरात नोको ठेवू, बेटा."

"बाबा, ती प्यायची नाही. विषारी राहते."

"मले माहीत हाय." ते फाटकाची कडी काढत-लावत राहिले. "तरी सांगून राह्यलो."

बाटली आणि सामान शाळेत ठेवू का, असं तिने सरांना विचारलं. शाळेत भट्टी नको, असं हेडमास्तरांचं म्हणणं पडलं. अन्नपूर्णाच्या आईने तर दारातूनच हात जोडले.

रविवारी सकाळी सुचिताने अख्खी बाटली लोखंडी घमेल्यात ओतली आणि काडी टाकली. उन्हात ज्योत दिसलीच नाही, नुसती हवा थरथरत राहिली. घमेलं कोरडं होईपर्यंत ती तिथून हलली नाही. मग ओट्यापाशी आली.

"आई, बाबा, मी बुलढाण्याले जात नाही. अन्नपूर्णा जाईन, तिची पवनचक्की घेऊन. त्या वासानं माह्यं डोकं दुखते."