मेणाच्या ठोकळ्यातले जयवंतराव

मित्रांनो, मी एक जुना मेणाचा ठोकळा आहे. जुना म्हणजे दीड वर्षाचा, आणि आकाराने काडेपेटीपेक्षा लहान. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं मीच म्हणतो, कारण दुसरं कुणी म्हणत नाही.

काळाचौकीच्या जयवंतरावांच्या लघवीच्या पिशवीत कर्करोगाची गाठ झाली होती. परळच्या एका रुग्णालयात ती काढली. तिचा तुकडा निलेश नावाच्या तंत्रज्ञाने वितळलेल्या मेणात बसवला, मेण थिजलं आणि माझा जन्म झाला. निलेशचा हात काय सांगू! माझे काप तो इतके पातळ काढी की कांद्याच्या पापुद्र्याने लाजावं. ते काचपट्टीवर पाहून आजाराचं नाव ठरलं. मग मला कपाटात ठेवून सगळे विसरले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

ही गाठ मोठी चिवट. काढली तरी परत येऊ शकते, म्हणून दर तीन महिन्यांनी आत दुर्बीण घालून पाहावं लागतं. जयवंतराव दोनदा गेले आणि मग अडून बसले. "दुखना नाय, खुपना नाय. दुर्बीण कशाक होयी?"

त्यांची सून श्रेया काळजीने डॉक्टरांकडे गेली. ते म्हणाले, "गाठीच्या तुकड्यात काही प्रथिनं असतात. त्यांच्यावरून गाठ परतण्याचा अंदाज येतो. ठोकळा दादरच्या प्रयोगशाळेत न्या."

शनिवारी मी हाती पडेपर्यंत प्रयोगशाळा बंद झाली होती, म्हणून श्रेयाने मला घरी नेलं. तिच्या सासूबाई मीराबाई दारातच आडव्या आल्या. "घरात हाडू नको गो ता. ह्येंचो आजार आसा त्यात." माझी रवानगी गॅलरीत, तुळशीच्या कुंडीशेजारी झाली.

रविवारी दुपारी तिथे थेट ऊन आलं आणि माझं अंग मऊ पडू लागलं. माझं काही बरंवाईट झालं असतं तर त्या गाठीबद्दल सांगणारं दुसरं कुणी उरलं नसतं. भीतीने माझा जीव अर्धा झाला.

तेवढ्यात जयवंतराव गणपतीच्या मंडपातून जेवायला आले. मी कोण ते मीराबाईंनी सांगितलं. त्यांनी मला तळहातावर घेतलं आणि बराच वेळ पाहिलं.

"अगो, माझोच तुकडो ना ह्यो? मग माका पण भायर ठेवतलंस?"

 मीराबाईंनी मला त्यांच्या तळहातावरून उचलून आत नेलं आणि माठाशेजारी गारव्याला ठेवलं. भीती गेली नव्हती, तरी त्यांनी मला घरात घेतलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

सोमवारी दादरच्या प्रयोगशाळेत डॉक्टर अनुजांनी माझ्या कापांवर रसायनं घातली. ती प्रथिनं होती तिथे तपकिरी रंग चढला. त्यांनी दोनदा तपासलं आणि जयवंतरावांना समोर बसवून सांगितलं, "काका, गाठ परत येण्याची शक्यता जास्त दिसते. हे भविष्य नाही, इशारा आहे. आता दुर्बिणीला दांडी मारू नका."

जयवंतराव निमूट दुर्बिणीच्या तपासणीला गेले. आत मसुराच्या डाळीएवढी नवी गाठ होती. इतक्या लवकर सापडली, म्हणून काढणंही सोपं गेलं.

मित्रांनो, आजाराला उंबरठ्याबाहेर ठेवलं म्हणून तो जात नाही. तपासणी चुकवू नका. आणि माझ्यासारखा ठोकळा कधी हाती आला, तर त्याला उन्हात टाकू नका.

मला रुग्णालयात परत करायला मीराबाई स्वतः आल्या. खिडकीतून निलेशने हात पुढे केला, पण त्यांची मूठ लगेच सुटेना.

"नीट सांभाळा हां," त्या म्हणाल्या. "आमचो माणूस आसा तो."